बिनचाकाचे बैल

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी मी वर्ध्यातच होते. तो रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायचा, त्याच्यामागे मी साताऱ्याकडून इथे आले होते. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. माझा भाऊ न्यायला आला, मी गेले नाही. का गेले नाही ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या खोलीत नवऱ्याचा डबा, त्याची चप्पल तशीच होती आणि मला ती उचलायचीसुद्धा इच्छा होत नव्हती. रडूही येत नव्हतं. चहा उतू गेलेला थोड्या वेळाने कळायचा.

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षं झाली असतील. मी एका दुकानात कामाला लागले होते. तिथे नावाच्या पाट्या, शिक्के, ट्रॉफ्या व्हायच्या. माझं काम पाट्यांवरच्या स्टिकरमधला नको तो भाग सुईने उचलून काढायचं. मी सातवी शिकलेली. मालकांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही, याचे उपकार मी आजही मानते. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणायचे.

मग भाऊंनी लेझरने कापायचं मशीन घेतलं. ते चालवणारा माणूस दोन महिन्यांत नागपूरला निघून गेला, आणि पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून नव्याने भरलं. रेघा काढायचं सॉफ्टवेअर परत आलं, पण त्या माणसाने जमवलेलं एकही माप त्यात उरलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, "ताई, तुमची नजर बारीक आहे. तुमीच पाहा."

"मला इंग्रजी येत नाही, भाऊ."

"मशीनले कुठं येते?"

तेवढ्यावर मी बसले. त्यांनी एकच गोष्ट स्पष्ट सांगितली. पोळ्यापर्यंत पाहू. मशीनला काम मिळालं तर मला कायमचं ठेवतील, नाहीतर मशीन विकतील, आणि स्टिकरच्या कामाला वेगळी बाई परवडायची नाही. हेच मी फोनवर भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग पोळ्यानंतर मी येतो. ट्रंक बांधून ठेव." वहिनी मागून काही बोलली, ते ऐकू आलं नाही. मी ट्रंक बांधली, नवऱ्याची चप्पलही तिच्यात ठेवली.

मी वही केली. पहिल्या पानावर लिहिलं: माप इंचात नाही, मिलिमीटरमध्ये. पानाचा आकार मशीनच्या पाटाएवढाच. कापायची रेघ लाल, कोरायची काळी. लाल रेघ केसाएवढी बारीक ठेवायची. जरा जाडी दिली की मशीनला ती कापायची रेघ वाटतच नाही, ते डावी-उजवीकडे फिरून तिला घासत बसतं. हे मला एक अख्खी पाटी वाया गेल्यावर कळलं. एकावर एक दोन रेघा राहिल्या तर पडद्यावर एकच दिसते, पण मशीन दोनदा जातं आणि कड कोळशासारखी होते. म्हणून प्रत्येक रेघ ओढून बघायची, खाली दुसरी लपली आहे का. मी तीन-तीनदा बघायचे. भिणाऱ्या माणसाला हे काम बरं. आकडा बरोबर असला की बरोबर असतो, त्याला आणखी काही वाटावं लागत नाही.

पोळ्याच्या महिनाभर आधी देवळीच्या एका खेळणीवाल्या दुकानदाराने काम दिलं. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल, शंभर. खिळा नको, डिंक नको. प्लायचे सुटे भाग खाचेत खाच घालून उभे राहिले पाहिजेत.

प्लायवर सहा मिलिमीटर लिहिलेलं होतं. मी मोजली तर पाच पूर्णांक सहा भरली. शिवाय लेझर स्वतःही थोडं लाकूड खातो, साधारण दोन दशांश. मग खाच किती काढायची? मी एका तुकड्यावर कंगव्यासारख्या सात खाचा काढल्या, प्रत्येक एका दशांशाने मोठी, आणि प्लायचा तुकडा एकेकीत घालून पाहिला. पाच पूर्णांक चारची खाच अंगठ्याने दाबल्यावर बसली आणि उलटं धरलं तरी सुटली नाही. ते वहीत लिहिलं. दोन बाजूंना बैलाच्या आकाराच्या दोन फळ्या, त्यांच्या खाचांत आडवे पुढचे पाय, मागचे पाय, वर शिंगं. भाऊ रोज येऊन बघायचे, "मस्त" म्हणायचे आणि गल्ल्यावर जायचे.

पन्नास कापून झाले तेव्हा मी पोतं घेऊन एसटीने देवळीला गेले. पोळ्याला चार दिवस होते. दुकानदाराने एक बैल जोडला, हलवला, उलटा धरला.

"बसते तं घट्ट, बाप्पा," तो म्हणाला. "चाकं कोनत्या थैलीत आहे?"

"कसली चाकं?"

"बैलाची."

"बैलाला चाकं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती साज करायला मणी ओवत होती. "अवो, चाकं नाई तं पोट्टे वढतीन कसे?" ती म्हणाली. "तुमच्याकडं पोट्टे बैल डोक्यावर घेऊन फिरतेत काय?"

"आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल असतात. पाटावर ठेवून पूजा करतात. त्यांना कोणी ओढत नाही."

"मंग पोट्ट्यायनं काय करावं? पाहत बसावं?"

दोघंही हसली. वाईट नव्हती ती माणसं. पण दुकानदार पुढे सरळ बोलला, "ताई, दोरी बांधून घरोघरी नेतेत पोट्टे. बिनचाकाचा कोनी घेत नाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी चाकं लावून आणा. नाई तं राहू द्या तुमच्याजवळ."

येताना एसटीत पोतं मांडीवर होतं. इथले मागचे पोळे मी दार लावून खोलीतच काढले होते. मला भीती वाटायला हवी होती. मी फक्त प्लायचा वास घेत बसले आणि ट्रंक बांधलेलीच आहे, एवढंच मनात आलं.

भाऊंना सांगितलं. त्यांनी पोत्यातून एक बैल काढून हातात घेतला.

"मी तं रोज पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "मले वाटलं, चाकं दुसऱ्या फाइलीत असतीन."

"मला कोणी बोललं नाही, भाऊ."

"बोलन काऊन कोनी? बैलाले चाक असते हे काय सांगा लागते?" मग म्हणाले, "चूक अर्धी माही आहे. जमते का सांगा."

कापलेले बैल फेकायची गरज नव्हती. खाली पाट केला तर त्याच्या खाचांत चारही खूर बसले असते, आणि त्या खाचेचा आकडा माझ्याकडे होताच. बैल थोडा बुटका झाला असता, एवढंच. पाटाखाली भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या, त्यांतून बांबूची काडी, काडीच्या टोकांना चाकं. चाक काडीवर घट्ट हवं, ते जमलं. पण पट्टीच्या भोकात काडी सैल हवी होती, आणि सैल किती, हे वहीत कुठेच नव्हतं. महिनाभर मी घट्ट बसण्याचेच आकडे शोधत होते. काड्याही सारख्या नव्हत्या, मोजावी ती वेगळी. पहिलं भोक काडी धरून बसलं. दुसऱ्यात चाकं लंगडली. तिसरं चाललं. भाऊंनी बैलाला सुतळी बांधली आणि दुकानाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत नेला. पांढऱ्या केसांचा माणूस, वाकून. मी बघत होते. हसायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

शंभरच्या शंभर वेळेवर गेले.

तान्ह्या पोळ्याला दुकान बंद होतं. संध्याकाळी आमच्या गल्लीत खडखड आली. शेजारीण म्हणाली, "अवो ताई, दारात या, पोट्ट्यायले काही देजा." घरात शेंगदाण्याचे लाडू होते, ते घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. एका मुलीच्या हातातल्या दोरीला आमचा बैल होता. कुठून घेतला, विचारलं नाही. बैलाचं मागचं चाक उंबऱ्यापाशी अडलं. मी खाली बसले, चाक बोटाने फिरवलं. काडीत दोरा गुंतला होता, तेवढाच काढला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दुकानाच्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "उद्यापासून तुमीच उघडजा. मले उठवत नाई सकाळी."

घरी जाताना एसटीडी बूथवरून भावाला फोन केला. येऊ नको म्हटलं. मग खोलीवर ट्रंक उघडली आणि आधी नवऱ्याची चप्पल बाहेर काढून दाराशी ठेवली.