मार्था मावशींची पट्टी

सात बायका रोज एकत्र गायला लागल्या की किस्से आपोआप साठतात. आमच्या भजनमंडळाचे इतके साठलेत, की सांगायला बसले की चहा गार होतो. मंडळ शेवगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या चर्चचं. गायला पुढे मार्था मावशी, पेटीवर मी. मी रिटायर्ड शिक्षिका, म्हणून सगळे मला बाई म्हणतात.

आधी आम्ही फक्त रविवारी गायचो. एकदा उपासना संपल्यावर मी पेटीला कुलूप लावत होते, तर मावशी म्हणाल्या, "बाई, स्तुतीचं गाणं काय ठेवणीतलं लुगडं हाय का? रविवारी काढायचं आन् सोमवारी घडी घालायची?"

त्या दिवसापासून रोजचं गाणं सुरू झालं.

*

मावशींनी सुरुवात गिरणीपासून केली. दळण होईपर्यंत उभं राहायचंच असतं, तर त्या गायच्या. गिरणीच्या आवाजाच्या वर त्यांचा आवाज ऐकू यायचा. गिरणीवाले रफिकभाई कधी काही बोलले नाहीत. मावशींना वाटलं, त्यांना आवडत नसावं. म्हणून दळण झालं की त्या गाणं मध्येच सोडायच्या. एका सोमवारी त्यांनी असाच डबा उचलला.

रफिकभाईंनी डब्यावर हात ठेवला. "मावशी, दर वेळी दुसऱ्या कडव्यालाच तुमचं दळण होतं. तिसऱ्यात काय हाय, ते एकदा कळू द्या की."

मावशींनी तिसरं कडवं म्हटलं. मागच्या दोन बायका आपली दळणं घेऊन थांबल्या.

*

रूथ आणि सरिता या सख्ख्या जावा आमच्याच मंडळातल्या. नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि तीन आठवडे दोघींचा अबोला. त्यातच घरगुती प्रार्थनेची पाळी त्यांच्या घरी आली. दोघी समोरासमोर बसून, भिंतीकडे बघत गात होत्या. सूर बरोबर, शब्द बरोबर.

मावशींनी माझा हात धरून पेटी थांबवली.

"आनंदाचं गीत हाय हे. तुमी दोघी तर पंचनामा वाचल्यागत गाताय."

आधी सरिताला हसू फुटलं, मग रूथला. हसणं ओसरल्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरिता जावेशी बोलली, "वरचा सूर तू घे. मला न्हाई जमत."

*

हा माझा स्वतःचा. मागच्या वर्षी आमचे हे फार आजारी होते. मी मंडळात जाणं सोडलं. गाण्यातलं काही मनाला भिडेना. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तरी घरातल्या पेटीवर धूळ तशीच.

मग मावशी यायला लागल्या. समजूत घालणं नाही, उपदेश नाही. ओसरीवर बसून मेथी निवडायच्या आणि गुणगुणायच्या. पण काय ते गाणं! प्रत्येक ओळ बेसूर. मला वाटलं, वयामुळे कान गेला. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्याची त्यांनी इतकी वाट लावली, की मी तरातरा आत गेले, पेटी आणली आणि त्यांच्यापुढे सूर धरला. "मावशी, हा सूर आहे. हा."

त्या लगेच सुरात आल्या. एकदम स्वच्छ.

"मला वाटलं चार दिवस लागतील," मेथीच्या काड्या गोळा करत त्या म्हणाल्या. "तुमाला दोनच दिवसांत राग आला."

आतून ह्यांचा आवाज आला, "थांबलात का? म्हणा की पुढचं."

*

यंदा मावशींच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशन नगरला झालं. आवाजात फरक पडू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काही आठवडे गाणं बंद. तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, "आता काहीतरी बोलून दाखवा."

मावशींनी बोलायच्या ऐवजी गायला सुरुवात केली. आवाज जाड, घोगरा. वरच्या सुराला गेल्या आणि तिथे काहीच उमटलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "आता बहुतेक एवढाच राहील."

रविवारी त्या कधी नव्हे ते उशिरा आल्या. आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे बसतात. मावशी आमच्या रांगेवरून पुढे गेल्या, उजवीकडे वळल्या आणि पहिल्या बाकाजवळ उभ्या राहिल्या. तिथे त्यांचे यजमान योहान काका बसले होते.

"सरका जरा. तुमच्याकडं जाड आवाज कमीच हायेत."

काका सरकले. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. मी पेटी उघडली आणि नेहमीची पट्टी धरली.

"बाई," मावशी तिथूनच म्हणाल्या, "सूर खालचा धरा. आन् लय वाढवा."