वेशीतून बूट घालून

"पायात काही घालून येऊ नका, असं सांगितलंय त्यांनी," राणूकाका म्हणाला. माझ्या बुटांकडे न बघता तो तंबूच्या खुंटीकडे बघत उभा होता.

गावाचं नाव सांगत नाही, त्या घरातली नातवंडं अजून तिथं नांदतात. हसनाबादच्या अलीकडचं समजा. निजामाचं राज्य होतं. आमच्या मिशन दवाखान्याचा तंबू बाजाराच्या दिवशी गावाबाहेर लिंबाखाली लागायचा, आणि मी तिथली नर्स होते. राणूकाका गावचा वेसकर, म्हणजे वेशीवर राखण करणारा. पाटलांच्या घरून बोलावणं घेऊन आला होता. सून कालपासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते.

बूट दवाखान्याचेच, कॅन्व्हसचे, पांढरे. नर्सनं ड्यूटीवर अनवाणी फिरायचं नाही, पायाला जखम झाली की धनुर्वाताची भीती, हा आमच्या डॉक्टर मिससाहेबांचा नियम. त्या आत टेबलावर एका म्हाताऱ्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढत होत्या. मी पडद्याआडून विचारलं.

"जा, लवकर जा," त्या म्हणाल्या. मराठी शुद्ध, पण पुस्तकातलं. "आणि बूट काढ, रूथ. ख्रिस्ती माणसानं नम्र असावं."

"तुम्ही गेला असता तर काढले असते?"

"मला ते सांगणार नाहीत."

"तेच म्हणते मी."

"गर्व करू नकोस. एक बाई मरते आहे."

बाई मरते आहे हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बॅग उचलली आणि निघाले, बूट पायात ठेवून. चालता चालता राणूकाका अजिजीनं बोलत होता.

"पोरी, तुझं काय जातंय? काखेत मार अन् चल. पाटलाच्या दारापत्तुरचंच तर हाय."

माझं काय जातंय! माझा बाप बाप्तिस्मा घ्यायच्या आधी आष्टीकडे वेसकरच होता. वेस आली की जोडे काढून काखेत मारायचा. उन्हाळ्यात त्या तापलेल्या फुफाट्यातून तो टाचा उचलून चालायचा, आणि ओट्यावर बसलेली माणसं हसायची. ते हसू मी लहानपणी ऐकलेलं आहे. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

वेशीत दोघंतिघं बसली होती. एक उठला. "ए बाई, पायातलं काढ."

"सून तुमच्या पाटलाची अडलीय. मला अडवायचं असेल तर अडवा. घरी काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

मी थांबले नाही. कुणी अडवलंही नाही. गरज त्यांची होती, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण त्या दिवशी त्यांना बराबर अक्कल आली. राणूकाका मात्र माझ्या मागं दहा पावलं राहून चालत होता, माझ्याबरोबर नाही असं दाखवत. त्याचं मला वाईट वाटलं. मी संध्याकाळी तंबूबरोबर निघून जाणार होते, त्याला तिथंच राहायचं होतं.

दारात थोरल्या पाटलीणबाई उभ्या होत्या. त्यांची नजर थेट माझ्या पायांवर.

"राणूनं सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं, बाई. त्याचा दोष नाही. मीच ऐकलं नाही."

आता गंमत बघा. बाळंतिणीच्या खोलीत तसाही विटाळ, त्यामुळं माझ्या हातांना त्या घरात बिलकुल हरकत नव्हती. हात पोटाला लागले तरी चालणार होते. हरकत होती ती बुटांना! विटाळ न्हाऊन जातो. नर्सच्या पायातले बूट साऱ्या गल्लीनं पाहिलेले, ते कशानं धुणार?

आतून सून ओरडली. पाटलीणबाई बाजूला झाल्या.

खोलीच्या उंबऱ्याशी मी खाली बसले, नाड्या सोडल्या आणि बूट काढून बाहेर ठेवले. पाटलीणबाई बघतच राहिल्या.

"आन् आता का काढले गं?"

"इथं बाळंतीण आहे. रस्त्याची धूळ आत नको. गरम पाणी आणा, साबण माझ्याकडे आहे."

सून म्हणजे पोरच होती. ओठ कोरडे पडलेले. मी पोट चाचपलं. मूल आडवं होतं. म्हणजे डोकं खाली हवं, ते एका कुशीला आणि बूड दुसऱ्या कुशीला. असं मूल कितीही कळा दिल्या तरी बाहेर येत नाही. आई थकते, गर्भाशय फाटतं, दोघं जातात. एकच गोष्ट बरी होती. पाण्याची पिशवी अजून फुटली नव्हती, त्यामुळं मुलाला आत फिरायला जागा होती. लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. ठोके होते.

मी तिच्या शेजारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले. याला आम्ही बाहेरून मूल फिरवणं म्हणतो. एक हात डोक्यावर, एक हात बुडावर, आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीत हळूहळू ढकलायचं. कळ आली की थांबायचं, पण मिळवलेली जागा सोडायची नाही. जोर केला तर घात.

"मी मरून राह्यले का हो, नर्सबाई?" पोरीनं विचारलं.

"नाही. तोंडानं श्वास घे. माझ्याकडे बघ."

मनात मी प्रार्थना करत होते. प्रभू, माझा राग बाहेर बुटांपाशी राहू दे, हातात येऊ देऊ नकोस. गुडघे सोलवटले, पाठ मोडून आली. शेवटी हाताखाली मूल सरकलेलं कळलं आणि डोकं खाली आलं. तिथंच दाबून धरलं, पिशवी फुटली, आणि दिवस कलायच्या आत मुलगा झाला. रडला खणखणीत. थोरल्या पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग हात धुतले, उंबऱ्यावर बसून बूट घातले आणि आले तशी वेशीतून गेले.

तक्रार माझ्या आधी तंबूत पोचली होती. नर्सनं माफी मागावी, नाहीतर लिंबाखालची जागा बंद, असा पाटलांचा निरोप.

"मागून टाक माफी," मिससाहेब म्हणाल्या. "देवापुढं मोशेनंसुद्धा जोडे काढले होते."

"त्याला देवानं सांगितलं होतं, पाटलानं नाही."

"तुझ्या बुटांपायी इथले रोगी औषधावाचून राहतील, रूथ."

"माझ्या बुटांपायी नाही, त्यांच्या हट्टापायी. तुम्ही त्यांना का नाही सांगत नम्र व्हायला? आणि बाळंतिणीपुढं मी काढलेच होते. तिथं मला कुणी सांगितलं नव्हतं."

मिससाहेब बाई वाईट नव्हत्या. मध्यरात्रीही रोग्यासाठी उठायच्या. पण सोसणं आणि नम्रता यात फरक असतो, तो ज्याला कधी सोसावं लागलं नाही त्याला शिकवावा लागतो. मी माफी मागितली नाही. हेडनर्सची जागा माझी ठरलेली होती, ती माझ्या हाताखालच्या मुलीला दिली. मला बेडपॅन आणि फडक्यांची ड्यूटी लावली. मी ती चोख केली. लोकांची घाण उपसायची मला कधीच लाज वाटली नाही.

लिंबाखालची जागा काही बंद झाली नाही. पुढच्या बाजारी तंबू लागताच राणूकाका हजर. पाटलांच्या नव्या नातवाचे डोळे आले होते.

"जल्दी या म्हणल्या थोरल्या बाई."

"आणि पायाचं?"

राणूकाकानं पहिल्यांदाच माझ्या बुटांकडे नीट बघितलं. "पायाचं कायीच बोलल्या न्हाईत." या वेळी तो माझ्या बरोबरीनं चालला. त्याच्या पायात मात्र काही नव्हतं. एका नर्सच्या बुटांनी गाव बदलत नसतं.

आमच्या मिशनमध्ये रिवाज होता. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मिससाहेब चर्चमध्ये स्वतः नोकरवर्गाचे पाय धूत, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. त्या वर्षी माझ्यापुढं घमेलं घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या. मी पाय पुढं केले नाहीत.

"पाय धुवायला पेत्रही आधी नाहीच म्हणाला होता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"धुवा, मिससाहेब," मी म्हणाले. "पण धुतलेल्या पायांत नंतर काय घालायचं, ते मी ठरवणार."

मग माझा पाय त्यांनी स्वतःच उचलून पाण्यात घेतला, धुतला, बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसला. बाहेर आले. सगळ्यांची पायताणं चर्चच्या पायरीवर होती. मी तिथं बसून बूट चढवले आणि नाड्या घट्ट बांधल्या.

हेडनर्सची जागा मला कधीच मिळाली नाही. माझ्यात गर्व होता का? असेल. त्याचा निवाडा देव करील, वेशीत बसणाऱ्यांनी करू नये.