जेवणानंतर एक गोळी

देवाकडे मी कधी काही मागितलं नाही, असं मी वर्षानुवर्षं थोड्या ऐटीतच सांगत आले. खरं म्हणजे मागावं लागेल असं काही घडलंच नव्हतं. मग एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना डाव्या डोळ्यासमोर तेलाचा डाग पडल्यासारखं झालं. चष्मा पुसला, डाग तसाच. उजवा डोळा झाकून पाहिलं तर अक्षरं पाण्यात भिजून फुगल्यासारखी दिसत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब फार वाढलाय आणि त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय. दाब काबूत आला तर हा डोळा बराचसा सुधारेल, नाही आला तर दुसराही जाईल. मी वाशीमच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. वाचनाशिवाय मला दुसरं व्यसन नाही. यजमान गेले तेव्हा लोक भेटायला येऊन रडत होते आणि मी आतल्या खोलीत पुस्तक धरून कशीबशी उभी होते. त्यामुळे डोळा जाणार म्हणजे काय जाणार, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रक्तदाबासाठी मला मोठ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एसटीनं जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडायचा. दवाखाना देवळासारखाच होता. दारात समई, आत संगमरवर, भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचे शाली पांघरलेले फोटो. आधी पावती, मग टोकन, मग रांग. दर्शनही देवळासारखंच, म्हणजे अर्ध्या मिनिटाचं. खरी तपासणी पांढरा कोट घातलेला एक तरुण करायचा. पहिल्या खेपेला मी त्याला सरळ विचारलं, "आपण डॉक्टर का?" तो नम्रपणे म्हणाला, "मी सरांकडेच असतो, मॅडम." या उत्तरात काय नव्हतं, ते मला कळलं. पैसे मोठ्या डॉक्टरांच्या नावाचे भरायचे आणि हात सरांकडे असणाऱ्याच्या हाती द्यायचा, याचा मला फार राग यायचा. परतीच्या एसटीत मी तो राग शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांनाही ऐकवत असे.

त्या तरुणानं मला गोळी लिहून दिली आणि बजावलं, "जेवणानंतर एक. उपाशीपोटी मुळीच घ्यायची नाही, पोटात आग पडेल." मी आयुष्यभर मुलांना शब्दाचा नेमका अर्थ पाहायला शिकवलं. मीही तो पाहिला. मी सोमवारी उपास करते. उपासाला फराळ असतो, साबुदाण्याची उसळ किंवा भगर. फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे आमच्या वऱ्हाडात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि उपास असल्यावर पोट उपाशीच. म्हणून सोमवारी मी गोळी घेत नव्हते. यात काही विचारण्यासारखं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

दवाखान्याची माझी पाळी मंगळवारची. दाब दर वेळी चढलेला निघायचा. तो तरुण विचारायचा, "गोळ्या वेळेवर घेता ना?" मी म्हणायचे, "जेवणानंतर. एकदाही चुकवली नाही." तो खोटं विचारत नव्हता आणि मीही खोटं सांगत नव्हते. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. रक्त तपासलं, हृदय तपासलं, चोवीस तास दंडाला यंत्र बांधून मी घरात वावरले. निवृत्तिवेतनाला गळती लागली. दाब उतरत नाही म्हणून माझी काळजी वाढली, आणि काळजी वाढली म्हणून मी गुरुवारही धरला. मग चतुर्थी, मग एकादशी. आज हे लिहिताना हसू येतं. डोळा वाचावा म्हणून मी उपास वाढवत होते आणि प्रत्येक उपासाला गोळी गळत होती.

अखेर अर्ध्या मिनिटाच्या दर्शनात मोठे डॉक्टर म्हणाले की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दोष असावा, नागपूरला मोठी तपासणी करून घ्या. खर्चाचा अंदाज काउंटरवरच्या मुलीनं एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. तो मोठ्यानं उच्चारायला तिला बहुधा संकोच वाटला असावा.

कमलाबाई राठोड आमच्या शाळेत शिपाई होत्या. माझ्यासोबतच निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात. त्यांनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, डॉक्टरायले देऊन झालं. आता आमच्या देवीले दाखवा. ते काही पावती फाडत नाही." त्यांचं कुलदैवत पोहरादेवीला. चैत्रातलं नवरात्र तोंडावर आलं होतं. नागपूरला जाण्याआधी नऊ दिवसांचे उपास करायचे आणि रामनवमीला त्यांच्यासोबत पोहरादेवीचं दर्शन घ्यायचं, असं मी ठरवलं. त्या रात्री दिवा लावताना मी पहिल्यांदाच देवीला स्पष्ट शब्दांत मागितलं: माझे डोळे राहू दे. मागताना लाज वाटली, पण मागितलं.

रामनवमीला आम्ही एसटीनं पोहरादेवीला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. माणसांचा पूर लोटला होता. तांड्यातांड्यांतून आलेल्या बंजारा बायकांच्या आरशांच्या ओढण्या उन्हात चमकत होत्या. त्या बायका गाणी म्हणत चालल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर भाविकांचं स्वागत करणारे नेते फलकांवरून हात जोडून उभे होते. रांगेत दोन तास गेल्यावर माझं डोकं मागच्या बाजूनं ठणकू लागलं. मग फलकावरचे नेते मला दोन-दोन दिसू लागले. एरवीही त्यांची संख्या मला जास्तच वाटते, पण हा प्रकार निराळा होता. मी कमलाबाईंच्या खांद्याला धरलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ओढतच बाजूच्या आरोग्य तंबूत नेलं. मी "अहो, पन्नासच माणसं उरली पुढे" म्हणत राहिले.

तंबूत तिशीतली एक बाई टेबलाशी बसली होती. डोक्यावर ओढणी, ओठ कोरडे पडलेले. छातीवरच्या बिल्ल्यावर नसरीन हे नाव आणि त्याखाली लांबलचक पदनाम. त्यात डॉक्टर हा शब्द मात्र नव्हता. मी सवयीनं विचारलं, "डॉक्टर कुठे आहेत?"

"दुसऱ्या तंबूत हायेत, एक जण बेशुद्ध पडला. मी सिस्टर हावो. बसा मावशी."

मोठ्या शहरात पैसे भरून मिळत होतं तेच इथे फुकट मिळतंय, असं माझ्या मनात आलं. मी उठणारही होते. तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला, पण मला सांगितला नाही. उठून दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. मग तिनं जो प्रश्न विचारला, तो वर्षभरात मला कोणीही विचारला नव्हता.

"उपास हाये काय?"

"नऊ दिवसांचा. आज नववा."

"मंग बीपीच्या गोळ्या कवा घेता?"

"त्या जेवणानंतरच्या आहेत," मी तिला मुलांना समजावते तसं समजावलं. "उपासात जेवण कुठे असतं?"

तिचा हात पट्ट्यावरच थांबला. "म्हंजे नऊ दिवस गोळी नाही?"

माझ्या तोंडून "नाही" निघालं आणि त्याच क्षणी वर्षभरातले सगळे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या आणि एकादश्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगणारी बाई एका शब्दावरून आपले डोळे घालवायला निघाली होती. कमलाबाई कपाळावर हात मारून हसत म्हणाल्या, "अवो बाई! एवढे पुस्तकं वाचले तुमी, कायले वाचले मंग?"

नसरीन हसली नाही. ती कमलाबाईंना म्हणाली, "हसू नका मावशी. माह्या अम्मीनं बी हेच केलं. रमजानमध्ये दुपारची गोळी कशी घ्याव, म्हणून महिनाभर सोडून देल्ली. कोणाले इचारलं नाही. ईदच्या सकाळी तिचं अर्धं अंग गेलं. तवापासून मी कोणाले बी पट्टा बांधला का रोजा-उपास इचारतेच." त्या वर्षी रमजान आणि चैत्रातलं नवरात्र एकाच वेळी आलं होतं. तिचे ओठ कोरडे का होते, ते मला तेव्हा कळलं. सकाळपासून ती लोकांना पाण्याचे पेले भरून देत होती. हे वाचून कोणी ऐक्याचे फलक रंगवायला घेऊ नयेत. आमचं बोलणं फक्त गोळ्यांबद्दल चाललं होतं.

तिनं फोनवर डॉक्टरांशी बोलून घेतलं, माझ्या पर्समधल्या गोळ्यांच्या पट्ट्या पाहून त्यांची नावं त्यांना वाचून दाखवली आणि त्यातली एक बाजूला काढली. कमलाबाईंनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. मी तरीही म्हणाले, "पण हा फराळ झाला."

"देवीले तो फराळ हाये, मावशी," ती म्हणाली, "गोळीले तो जेवणच हाये."

मी लाडू खाल्ला आणि गोळी घेतली. डॉक्टरांनी रुग्णवाहिका बोलवायला सांगितली होती; ती येईपर्यंत मी पुन्हा रांगेकडे पाहिलं. "दर्शन घेऊन लगेच येते," म्हटलं. नसरीन शांतपणे म्हणाली, "घेऊन याल का नाही, तेच सांगता येत नाही मले." आजवर डॉक्टरांनी मला पुष्कळ भीती घातली होती. तिनं भीती घातली नाही, तिला माहीत होतं ते सांगितलं. मी नऊ दिवस धरलेला हट्ट सोडला. देवळाचा कळस तंबूच्या फटीतून दिसत होता. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि म्हटलं, आई, मी चालले. एवढंच. कमलाबाईंना म्हटलं, तुम्ही तरी दर्शन घ्या. त्या रुग्णवाहिकेत माझ्याआधी चढून बसल्या. "देवी काय कोठी जाऊन राह्यली? सरका तिकडे."

सरकारी रुग्णालयात मी दोन दिवस होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद पाहिले, दाब हळूहळू उतरवला आणि घरी सोडताना म्हणाले, "सिस्टरनी सांगितलं तेच करा. मला वेगळं काही सांगायचं नाही." पुढे दोन महिने गोळी एक दिवसही न चुकवता घेतली. तीनाच्या दोन झाल्या. नागपूरच्या तपासणीची गरज उरली नाही. डाव्या डोळ्यातला डाग विरत गेला. कोपऱ्यात थोडा मळ राहिला आहे, पण तो ओळीच्या आड येत नाही.

मोठ्या दवाखान्यात मी शेवटचं गेले ते त्या पांढऱ्या कोटातल्या तरुणाला हे सांगायला. मनात बरंच भाषण तयार होतं. त्यानं सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, माझी आजी महिन्यातून सहा-सात उपास करते. तिलाही हीच गोळी आहे." मग तो मोबाईल घेऊन घाईघाईनं बाहेर गेला. माझं भाषण राहून गेलं. त्याच्यावर मी वर्षभर रागावले होते, कारण तो डॉक्टर नव्हता. पण मला डॉक्टर कमी पडला नव्हता. एक प्रश्न कमी पडला होता, आणि तो विचारायला लागणारं शिक्षण नसरीनला तिच्या आईच्या अंथरुणाशी मिळालं होतं.

हा चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. वर्षभर मी चूक केली, हे खरं. ती चूक मला त्या तंबूपर्यंत घेऊन गेली, हेही खरं. मी डोळे मागितले होते. ते कोणाच्या हातून द्यायचे, हे मात्र मीच ठरवून बसले होते. पदवी कोणती असावी, फी किती असावी, भिंतीवर फोटो असावेत की नसावेत. देवी यातलं काहीही बघत नाही, असं आता मला वाटतं. मागायचं आणि मग देणाऱ्याचा हात तपासत बसायचं नाही, एवढं मी साठीनंतर शिकले.

पावसाळ्यानंतर मी आणि कमलाबाई मेडशीकडच्या एका खेड्यात नसरीनच्या उपकेंद्रावर गेलो. मी तिच्यासाठी लुगडं नेलं होतं. बाहेर बाकावर सोयाबीनच्या कापणीवरून आलेल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. तिनं आम्हाला पाहिलं, ओळखलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, "बसा मावशी, नंबर येऊ द्या." आम्ही बसलो. तासाभरानं मी आत गेले. काय बोलायचं ते बरंच ठरवलं होतं. मी नुसता हात पुढे केला.

"आज गुरुवार," ती पट्टा बांधत म्हणाली. "फराळ?"

"झाला."

"गोळी?"

"झाली," मी म्हटलं, आणि ती आकडा वाचेपर्यंत डोळे मिटून स्वस्थ बसले.