चपलांच्या कपाटातलं जोडपं

आमच्या साडूंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या आकडसासूला, त्यांनी एकदा बाजारात विचारलं होतं, "आपण कुठं भेटलोय का?" कोळ्याचे आठही डोळे कुठं नि कसे, ते मात्र झोपेतसुद्धा सांगतील. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तीस वर्षं एकच उद्योग: जाळं न विणता जमिनीवर धावणारे कोळी दगडांखालून पकडायचे, स्पिरिटच्या बाटलीत घालायचे नि भिंगाखाली धरून त्यांची जात ठरवायची.

"रंगावर जाऊ नका," ते सांगतात, तेही लोकांच्या घरी चहा पिताना. "मागच्या धाग्याच्या नळ्या एकमेकींपासून फटकून आहेत का बघा. आणि मादीच्या पोटाखालची चकती बघा. तिच्या नक्षीशिवाय काही खरं नाही."

तर एके सकाळी माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, चपलांचं कपाट झाडताना किंचाळली. साडूंच्या बुटात एक करडी मादी, करंगळीच्या नखाएवढी. तिच्या चकतीची नक्षी कुठल्याच पुस्तकात सापडेना. नवी जात! सव्वीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं बायकोला साधं घड्याळ घेऊन दिलं नव्हतं. एकदम म्हणाला, "हिला तुझं नाव देतो."

मेहुणीनं गल्लीभर दवंडी पिटली. माझी बायको जळून म्हणाली, "शोभेल हो. तीही अशीच अंगावर येते."

नव्या जातीवरचा साडूंचा लेख स्वीकारला गेला, छापायचाच काय तो बाकी. तेवढ्यात मेहुणीनं कपाट हलवलं. मागं रेशमी पिशवी, आत तसलीच दुसरी मादी आणि तिला खेटून नर. साडूंनी दोघांना भिंगाखाली घेतलं. मादीची चकती तीच. नर मात्र ओळखीचा निघाला. चौदा वर्षांपूर्वी त्याचं एकट्याचंच वर्णन छापून आलं होतं, आणि नाव दिलं होतं विभागाच्या जुन्या साहेबांचं! हेच ते साहेब, ज्यांनी साडूंची बढती दोनदा अडवली. या घरात त्यांचा विषय निघाला की दूध नासायचं. आणि नियम असा, की जोडी एकाच जातीची ठरली की आधीचं नाव टिकतं, नंतरचं बाद.

पुढचं मला मेहुणीनंच सांगितलं, कोणाला न सांगण्याच्या शपथेवर.

"नर मोरीत ओतून देऊ," साडू पुटपुटले. "आपण दोघंच तर आहोत. कोणाला कळतंय?"

ती बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. "म्हणजे नवरा सापडला आणि बाईचं नाव गेलं. हिलाही ते चुकलं नाही का?"

"चूक माझी. नर सापडेपर्यंत थांबायला हवं होतं."

"मग तसं पत्र लिहा. चोरून टिकवलेलं नाव मला नको. गल्लीचं मी बघते."

साडूंनी लेख मागं घेतला. त्याऐवजी चार ओळी छापून आल्या: साहेबांच्या नावाच्या जातीची मादी प्रथमच सापडली. बाटलीतल्या चिठ्ठीवर, 'कोणी पकडली' याच्यापुढं, मेहुणीचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात भिंग देऊन ती ते वाचायला लावते. मला तीनदा लावलंय.

परवा मी तिथं असतानाच साहेबांचा फोन आला. आवाज असा खणखणीत, की मला कान लावावा लागला नाही. (लावला असताच म्हणा.)

"वहिनी, आमचं कुटुंब तुमच्याकडे सापडलं म्हणे!"

"हो ना," मेहुणी अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाटलीत घालून ठेवलंय. तुम्ही कधी येताय?"