वर्ला हॅगस्ट्रॉमची नवी नाव

वर्ला हॅगस्ट्रॉमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिने मला रस्त्यावर उभं करून झापलं. मी गावात नवा होतो आणि मुलं उतरत असताना शाळेच्या बसच्या बाजूने गाडी पुढे काढायचा गुन्हा माझ्या हातून झाला होता. पिवळ्या बसमधून एक पाच फुटी बाई उतरली आणि तिने फक्त "थांबा" म्हटलं. मी थांबलो. मागचा लाकडांचा ट्रक थांबला. कुंपणावरून उडी मारायला निघालेलं हरीण हवेत थांबलं असावं असा माझा आजही दाट संशय आहे. गावाजवळून वाहणारी मॅकेन्झी नदीसुद्धा क्षणभर घुटमळली आणि खालच्या गावांना त्या दिवशी पाणी थोडं कमी मिळालं. पुढची दहा मिनिटं वर्लाने मला काय काय सुनावलं ते सांगत नाही, पण तेव्हापासून उभी असलेली कोणतीही पिवळी वस्तू दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

अठ्ठावीस वर्षं तिने ती बस डोंगरातल्या वळणांवरून चालवली. तिचा नवरा मर्व्हिन लाकडाच्या गिरणीत होता आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर. आमच्याकडे नदीवर म्हणजे नावेत. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, इंजिन नाही. सकाळी वर पाण्यात सोडायची, प्रवाहाबरोबर ट्राउट मासे पकडत पकडत दुपारी आठ मैल खाली काढायची. मधल्या बाकावर बसून जो वल्हवतो त्याने मासे पकडायचे नाहीत, असा नियम आहे. तीस वर्षं मर्व्हिनने वल्हवलं आणि वर्लाने पुढच्या बाकावर बसून मासे पकडले. आणि तीस वर्षं, तिने गळ कसा टाकायला हवा होता, हे मर्व्हिनने तिला मागून सांगितलं.

मग मर्व्हिनचा उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, वल्ही विसरा. मर्व्हिनने आठवड्याभरात जुनी नाव विकून टाकली आणि नदीकडच्या खिडकीत खुर्ची टाकली. समोरून जाणाऱ्या प्रत्येक नावेबद्दल तो मोठ्याने मत देऊ लागला. हा गाढव आहे, तो झोपलाय, या तिसऱ्याला नदीत कुणी येऊ दिलं. दिवाळं निघालेल्या नाटक कंपनीच्या मालकासारखा तो दिसायचा. बाकी दिवसभर बोलायचा नाही, जेवायचा नाही धड. वर्लाने एकदा सुचवलं की मी वल्हवते, तू पुढे बस. मर्व्हिन इतका हसला की त्याचा खांदा दुखला.

 हिवाळाभर वर्ला रोज दुपारी चुलतभावाची जुनी नाव घेऊन गिरणीमागच्या तळ्यात जात होती, हे आम्हाला नंतर कळलं. पाऊस फार असला की स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून दोन हातांत दोन झाडू घ्यायची आणि फ्रिज हा खडक आहे असं समजून त्याच्यापासून लांब वल्हवायची. मर्व्हिनला वाटायचं, ती साफसफाई करते आहे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती ट्रकमागे कोरी हिरवी नाव जोडून घरी आली. दुकानदाराशी ठरलं होतं की पसंत पडली नाही तर सोमवारपर्यंत परत, फक्त ओरखडा नको. मर्व्हिन खिडकीतली खुर्ची सोडून बाहेर आला, त्याने नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या, रंग पालकाच्या भाजीसारखा आहे म्हणाला आणि मग अट घातली. डॅनियलच्या ढोपरातून ही बिनओरखडा काढलीस तर ठेवू. नाही तर सोमवारी परत, आणि पुन्हा या घरात नदीचं नाव निघणार नाही.

डॅनियलचं ढोपर हा आमच्या भागातला सगळ्यात वाईट खळाळ. डॅनियल नावाच्या कुणा लाकूडतोड्याने शंभर वर्षांपूर्वी तिथे गुडघा फोडून घेतला होता. डावीकडे सरळसोट कडा, उजवीकडे लाटा, मधोमध मोटारीएवढा खडक, आणि सगळं पाणी त्या खडकावर धावून जातं.

शनिवारी सकाळी निघालो. मी साक्षीदार. पुढच्या बाकावर मी आणि मर्व्हिन, मध्ये वर्ला. रात्री पाऊस झाला होता. मर्व्हिनने आदल्या दिवशी जाहीर केलं होतं की पालकाच्या भाजीला मी बोटसुद्धा लावणार नाही, आणि तोंड फुगवून तो गप्प बसला होता. वर्लाने ट्रक असा सरळ मागे घेतला की नावेलासुद्धा आपण पाण्यात गेल्याचं कळलं नसेल.

पहिले दोन मैल मर्व्हिन गप्प राहिला. तिसऱ्या मैलाला त्याला राहवेना. आमच्या नदीवर वल्हवणारा पाण्याकडे पाठ करून बसत नाही. धोक्याकडे तोंड करायचं, नावेचं नाक त्याच्यावर रोखायचं आणि मग जोर लावून मागे, त्याच्यापासून लांब ओढायचं. हे तो वर्लाला अशा थाटात समजावू लागला, जणू ती आजच सकाळी जन्मली आहे. वर्ला हूं म्हणत वल्हवत होती. नाव मात्र जरा जडच चालली होती. माझे मोजे ओले झाले होते, पण माझे मोजे नदीवर नेहमीच ओले असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ढोपराचा आवाज ऐकू यायला लागला तसं मर्व्हिनने पेपरमिंटसाठी सदऱ्याच्या खिशात हात घातला. हात तिथेच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बोटांत काळं रबरी बूच होतं.

नावेच्या मागच्या टोकाला तळाशी एक भोक असतं. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून रात्री बूच काढायचं आणि नाव सोडण्यापूर्वी परत बसवायचं. तीस वर्षं हे काम मर्व्हिनचं. सकाळी रागातसुद्धा त्याच्या हाताने सवयीने नव्या नावेचं बूच काढलं होतं, पाणी सोडलं होतं, बूच खिशात टाकलं होतं. पुढचं मात्र रागात राहून गेलं. आता पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं होतं.

त्याने बूच परत खिशात सोडलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. जड झालेली नाव खडकावर जाणार, ओरखडा सोडा, पूर्ण बाजू फुटणार, आणि सोमवारी शेवटचा शब्द मर्व्हिनचा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो खडकाकडे बघत होता.

"वर्ला," तो म्हणाला, "बूच माझ्या खिशात आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग आणखी दोन मिनिटं राहू दे तिथेच."

थांबायला दोन्ही बाजूंना जागा नव्हती. मर्व्हिन तरी उठायला लागला, मागे जाऊन बसवतो म्हणाला. तेव्हा मी तो बसमधला आवाज पुन्हा ऐकला. "बसा खाली." मर्व्हिन बसला. मी बसलेलाच होतो, तरी आणखी बसलो.

खडक अजून बराच लांब होता तेवढ्यातच वर्लाने नाक त्याच्यावर रोखलं आणि मागे ओढायला सुरुवात केली. मर्व्हिन ओरडला की आत्ता नको, फार लवकर होतंय. ती ओढतच राहिली, दात आवळून, पाय रोवून, फ्रिजसमोर ओढायची तशीच. नाव ऐकेना. मग थोडी ऐकली. खडक आमच्याकडे आला, माझ्या कोपराजवळून ओला काळा चमकत गेला, मी त्यावरचं शेवाळ पाहिलं, आणि पुढच्या क्षणी सगळं पाणी मागे ओरडत होतं आणि आम्ही संथ डोहात गोल फिरत होतो.

 मर्व्हिन सरपटत मागे गेला आणि त्याने बूच बसवलं. मी बादलीने पाणी उपसलं, त्याने टोपीने.

"फार लवकर ओढलंस," शेवटी तो म्हणाला.

"भरलेली बस उशिरा वळते," वर्ला म्हणाली. "आता पुढे जाऊन बस आणि गळ टाक. आणि मनगट सैल ठेव, तुझं मनगट नेहमी ताठ असतं."

मर्व्हिनने माझ्याकडे पाहिलं. मी काठावरची झाडं मोजायला घेतली. त्याने डाव्या हाताने गळ टाकला, चार वेळा झुडपात, पाचव्यांदा पाण्यात. तीस वर्षांत नावेतून त्याला लागलेला हा पहिलाच ट्राउट. वीतभर होता. त्याने तो हलकेच पाण्यात सोडून दिला आणि खाली पोचेपर्यंत मनगट सैल ठेवलं. काठावर आल्यावर त्याने नावेभोवती पुन्हा दोन फेऱ्या मारल्या, तळ हाताने चाचपला, आणि हिरवा रंग झाडांत उठून दिसत नाही म्हणून माशांना फसवायला बरा, एवढंच म्हणाला.

सोमवारी नाव परत गेली नाही. वर्लाने ती सहा उन्हाळे वल्हवली आणि मर्व्हिनने त्या सहा उन्हाळ्यांत एकूण चौदा ट्राउट पकडले. मग दोघं मुलीकडे वाळवंटी ॲरिझोनाला राहायला गेले. तिथल्या नदीत पाणी नसतं.