आप्पांचे पौंड

बेकरीत ट्रे उचलला की खाली चुरा सापडतो, आणि तो टाकवत नाही. आमच्या आप्पांचे किस्से असेच साठलेत. बेळगावातल्या त्यांच्या बेकरीत मी बारा वर्षं काउंटरवर आहे. गिऱ्हाइकाचा माल इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅममध्ये तोलायचा, हे माझं काम. आत मात्र मैदा, साखर, लोणी सगळं आप्पा वडिलांच्या लोखंडी वजनांनी घेतात. सात पौंड, चार, दोन आणि एक. किलोच्या मापानं केलेला केक फुगत नाही, असं त्यांचं ठाम मत!

*

मच्छेच्या कारखान्यातला एक इंजिनिअर अर्धा किलोचा केक मागत आला.

"अर्धा किलो न्हाय, एक पौंड हाय," आप्पा म्हणाले.

त्यानं मोबाईलवर हिशोब काढला. "म्हणजे शेहेचाळीस ग्रॅम कमी की हो."

आप्पांनी दुसऱ्या केकचा तुकडा कापला, काट्यावर बरोबर शेहेचाळीस ग्रॅम तोलला आणि त्याच्या हातात ठेवला. "खा हितंच. झाला अर्धा किलो."

आता तो दर महिन्याला एक पौंडच मागतो, आणि तुकड्यासाठी थांबतो.

*

वजनमापांचे साहेब तपासणीला आले. आतली वजनं बघून त्यांनी कन्नडमध्ये बरंच सुनावलं. पौंड कधीच बंद झालाय, बोर्डावरसुद्धा लिहायचा नाही. आप्पा हात जोडून ऐकत होते, घाम मला फुटला होता.

जाताना साहेब दारातून मागं वळले. मुलीचा बर्थडे होता. "एरडु पौंड पाइनॅपल," म्हणाले.

मी वहीत दोन पौंड न लिहिता नऊशे ग्रॅम लिहिलं.

*

हिंडलग्याचा जिमवाला एकदा डंबेल घेऊनच आला. "पंचवीस उचलतोय आप्पा, एका हातानं."

आप्पांनी ते काट्यावर ठेवलं. "पंचवीस पौंड रं. किलोत अकराच हाय."

"बायकोला पंचवीस किलो सांगितलंय."

"मग पंचवीसच," आप्पा म्हणाले आणि काटा बंद केला.

*

आमच्या समोर हॉस्पिटल आहे. मागच्या वर्षी निपाणीकडची एक आक्का रोज सकाळी बन घ्यायला यायची. तिची नात सातव्या महिन्यातच जन्मली होती, काचेच्या पेटीत होती. नर्स तिचं वजन ग्रॅममध्ये सांगायची.

"नऊशे म्हंजे किती वो आप्पा?"

आप्पांनी आतून दोन पौंडाचं वजन आणून तिच्या हातात दिलं. "एवढी हाय."

आक्का ते पदरात धरून बराच वेळ बसली. मला बघवेना.

मग रोजचंच झालं. ती ग्रॅम सांगायची, आप्पा वजनं काढायचे. पोर वीस ग्रॅमनं उतरली की त्या दिवशी आप्पांचा केक करपायचा. तीन पौंड झाले तेव्हा दोनावर एक ठेवून दिलं. चाराचं वजन आक्काच्या हातात दिलं, त्या दिवशी पोर घरी गेली.

परवा आक्का पहिल्या वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक सांगायला आली. कडेवर नात.

"किती पौंड करू?"

"हिच्याएवढा करा."

आप्पांनी मैद्याचा तराजू पुसला आणि पोरीला एका पारड्यात बसवलं. दुसऱ्यात चार ठेवले. मग सात. मग दोन. मग एक. पोरीचं पारडं जागचं हललं नाही. ती साखळी धरून हसत होती.

आप्पांनी डोळे पुसले. "आक्का," ते म्हणाले, "माझ्याकडचे पौंड संपले."