धुळाजीमामाचा वारा

जालन्यात मस्तगडला उतरून कुणालाही विचारा, "वाऱ्याचा मामा कुठं बसतो?" शेंबडं पोरगंही बोट दाखवील. पत्र्याचं शटर, आत सात बाय दहाची खोली, दारावर पाटी नाही. पाटी कशाला, असं त्याचं म्हणणं. ज्याचं कॉम्प्युटर तापलं तो हुडकत येतोच.

नाव धुळाजी. राहणार मूळचा हसनाबाद. आजा मेंढरं राखायचा, बाप राखायचा, हाही सतराव्या वर्षापर्यंत कळपामागं हिंडला. मग जालन्यात आला आणि बारा वर्षं पत्र्याचे कूलर ठोकले. उन्हाळाभर मरणाचं काम, पावसाळ्यात हात रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत शेजारच्या सायबर कॅफेतल्या मशिनींचे पंखे साफ करता करता कॉम्प्युटर शिकला. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. मी स्वतः नववीतून उठलेला. कायदा मी तहसीलच्या पायऱ्यांवर बसून वाचला. त्यामुळं शिकवलेल्या माणसापेक्षा शिकून घेतलेल्या माणसावर माझा जास्त भरवसा. तरी मामाकडं पहिल्यांदा गेलो ते भांडायच्याच तयारीनं.

झालं होतं असं. अंबडजवळच्या एका गावचं गायरान. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. गायरानाच्या मधोमध एक तळं, आणि त्या तळ्याच्या वाटेवर एका धनदांडग्यानं नांगर घालून तारेचं कुंपण ठोकलं. म्हणे इथं कधी वाटच नव्हती. साळूबाई म्हणून पासष्टीची एक बाई आहे, साठ मेंढरं तिची. वाट बंद झाली तशी ती मेंढरांना पाण्यासाठी रोज सहा किलोमीटर फिरवून नेत होती, तेही मे महिन्यात. दोन कोकरं वाटेतच गेली. गुरुवारी साडेदहाला अंबडला तहसीलदारापुढं सुनावणी होती. तोंडी बोलून तिथं कुणी ऐकत नसतं, हे लोकांसाठी अर्ज-तक्रारी लढवता लढवता मला पंधरा वर्षांत कळलंय. म्हणून एका ओळखीच्या पोराकडून ड्रोन उडवून घेतला, गायरानाचे अकराशे चाळीस फोटो काढले. ते सगळे जोडून कॉम्प्युटर एक मोठा नकाशा बनवतं. पिढ्यान्पिढ्या मेंढरं चालून चालून पडलेल्या वाटा त्यात वरून रेघांसारख्या दिसतात. कुंपण घातलं तरी रेघा पुसत नाहीत.

कॉम्प्युटर माझं जुनं. संभाजीनगरात गेम खेळायचं एक दुकान बंद पडलं, तिथून आणलेलं. बेचाळीस अंशात ते हाय खायला लागलं. नकाशा जोडायला घेतला की कासवासारखं चालायचं, मग पटकन बंद. शनिवारी सकाळी मी एक अक्कल लढवली. कॉम्प्युटरची बाजूची पत्रा-प्लेट काढली आणि घरचा पाण्याचा कूलर थेट त्याच्या पोटावर लावला. अर्धा तास झकास चाललं. मग पडदा एकदम काळा. तसंच उचलून मामाकडं नेलं.

मामानं मशीन टेबलावर आडवं केलं, बॅटरी मारली, वास घेतला. मग बोटानं एक पांढरी पापडी खरडून माझ्यापुढं धरली.

"कूलर लावलाता ना?"

"कुणी सांगितलं?"

"हे क्षार सांगून राह्यलेत. बोअरचं पाणी हे आपलं. बारा वर्षं कूलर केले मी, भाऊ. वाळलेल्या गवताचा वास बी येतो याला." मग समोरच्या बाकावरच्या माणसाकडं बघून म्हणाला, "दर उन्हाळ्यात धा-बारा शहाणे येतात. बाकीचे निदान 'चुकलं' म्हनतात."

माझं डोकं सटकलं. "गार वारा लावला त्यात चूक काय? तू बी तर वाराच विकतो!"

"गार न्हाई, वला वारा लावला तुमी. कॉम्प्युटरला गार नको असतं, कोरडं अन् वाहतं पायजे. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं भायेर. तुमी तर दारच काढून ठिवलं. मंग वारा आत जातो कशाला? बाजूबाजूनंच निघून जातो."

हे मला खरं वाटलं, म्हणून जास्तच राग आला. पण सुनावणी गुरुवारी होती. मी सगळं सांगितलं, गायरान, कुंपण, साळूबाई. मेंढरांचं नाव निघालं तसा त्याचा हात थांबला.

"किती मेंढरं?"

"साठ. आता अठ्ठावन."

त्यानं हातातली बॅटरी विझवली. मग म्हणाला, "उद्याचा दिवस ह्याला सावलीत सुकू द्या. सोमवारी या. अन् त्या बाईला बी आणा."

सोमवारी सकाळी गेलो तर बोर्ड स्पिरिटनं पुसून लख्ख केलेला. प्रोसेसरवरचा जुना बुटका पंखा काढून त्यानं वीतभर उंच ॲल्युमिनियमचा मनोरा बसवला होता, मधून तांब्याच्या नळ्या गेलेल्या, पुढं मोठा पंखा. खाली, उष्णता वर पोचवायला, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट. मनोरा इतका उंच की प्लेट बसेना. तर पठ्ठ्यानं प्लेटला चौकोन कापला आणि वर पत्र्याचा फुगा ठोकून दिला, कूलरच्या पाठीला ठोकतात तसा. समोरून हवा आत ओढणारा पंखा, त्याला धूळ अडवायची जाळी. मागून हवा बाहेर फेकणारा दुसरा.

नुसत्या एवढ्यानंच मशीन सुसाट सुटलं. मामा म्हणाला, आधी ते तापून तापून स्वतःच हळू होत होतं, आता आपल्या मूळच्या चालीवर आलं. साडेतीन गिगाहर्ट्झ ही त्याची चाल. पण पडद्यावर हिशोब आला, नकाशाला चोपन्न तास. मी बोटं मोजली. दुपारच्या उन्हात तपासल्याशिवाय मामा काम लावू देणार नव्हता, म्हणजे चार वाजणार; चारला सुरू केलं तर बुधवारी रात्री दहा. मोठा नकाशा छापणारं दुकान सहाला बंद होतं, आणि गुरुवारी उघडतं अकराला.

"मंग चाल वाढवू," मामा म्हणाला. "ह्या प्रोसेसरला कुलूप न्हाई, वाढवता येती. पण माज्या पद्धतीनं."

"आत्ताच वाढव की. सकाळची गार हवा आहे."

"न्हाई. बारा वाजू द्या. सकाळी कुणी बी पळतं. दुपारी दोनला जे टिकलं ते खरं."

साळूबाई बाकावर मांडी घालून बसली होती. ती फिसकन हसली. "ह्यो माणूस कळपातलाच हाय, दादा."

बारा वाजले. मामा एकेक पायरी चढवी, वीस मिनिटं मशीनला भरपूर काम देई, तपमान बघे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिही. तीन पूर्णांक सात. तीन नऊ. चार. चार एक. लागेल तेवढीच वीज चिमूटभर वाढवायची, जास्त नाही. चार पूर्णांक दोनला तपमान अठ्ठ्याऐंशीला टेकलं. चार तीनला पडदा जागच्या जागी गोठला.

"पुन्हा लाव," मी म्हणालो. "अजून वीज दे. चार चारला नेलं तर बुधवारी सकाळी अकरालाच काम उरकतं."

"न्हाई."

"मामा, वेळ माझा आहे, मशीन माझं आहे!"

"मेंढरं बाईची हायेत," तो शांतपणे म्हणाला आणि मशीन बंद केलं. "सतरा वर्षांचा व्हतो मी. भोकरदनच्या बाजूला असंच ऊन. म्हनलं, जल्दी पाण्यावर पोचू, जल्दी सावली गाठू. भर दुपारी कळप पळवला. पाण्यापास्नं हाकेच्या अंतरावर अकरा मेंढरं बसली ती उठलीच न्हाईत. पाणी दिसत व्हतं त्यांना. बाप मला काई बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं."

मी हट्ट सोडला. मी हट्ट सोडल्याचे प्रसंग जिल्ह्यात लोक बोटावर मोजतात.

त्यानं चार एक लावलं. म्हणजे टिकलेल्या पायरीच्याही एक पायरी खाली. तासभर चालवलं. एकोणऐंशीवर तपमान स्थिर राहिलं. पडद्यावर आलं, सेहेचाळीस तास. बुधवारी दुपारी दोन. मशीन त्यानं टेबलासकट दुकानाच्या कोपऱ्यात, कुणाचा धक्का लागू नये असं नीट सरकवून ठेवलं आणि चार वाजता नकाशा सुरू केला.

मंगळवारी दुपारी गेलो तर मामाच्या कपाळाला आठ्या. तपमान शहाऐंशी, आणि चढतच होतं.

"काल एकोणऐंशी अन् आज शहाऐंशी? ऊन तेवढंच आहे," मी ओरडलो. "आता काय, बारावं मेंढरू बसतंय का इथं?"

बोलायला नको होतं. मामाच्या तोंडावरचा रंग उडाला. पंखे तपासले, जाळी झटकली, सगळं बराबर. चाल कमी करायची तर काम थांबवावं लागलं असतं, आणि थांबवलं तर बुधवार हातचा गेला असता. तो नुसता उभा राहिला.

साळूबाई कालच्यासारखीच बाकावर होती. अंबडहून एसटीनं आली होती, मेंढरं पुतण्याकडं देऊन. ती उठली, मशीनमागं हात घातला, मग पुढं धरला, मग पुन्हा मागं.

"धुळाजी, हे त्वांड खुपसून उभंय की रे."

"काय?"

"उन्हात मेंढरं कसं करत्यात? येकमेकींच्या पोटाखाली मुंडकं घालून गोळा हुत्यात. मंग हिचा श्वास तिला, तिचा हिला. सगळ्याच गुदमरत्यात. मंग आपुन काय करतो?"

"फाकवतो," मामा म्हणाला. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

मशीनची पाठ भिंतीला लागली होती. मागून निघालेला गरम वारा भिंतीवर आपटून कोपऱ्यातच फिरत होता आणि पुढच्या पंख्यानं पुन्हा आत जात होता. सोमवारी तपासणी झाली ती दुकानाच्या मधोमध टेबलावर. कोपऱ्यात त्यानं स्वतः ठेवलं, जपायला म्हणून.

दोघांनी मिळून टेबल अलगद, वायर न हलवता, दोन हात पुढं ओढलं. भिंतीतल्या झरोक्याची झडप उघडली. पाव तासात तपमान एक्क्याऐंशीवर आलं.

"बारा वर्षं कूलर केले म्हणे," साळूबाई बाकावर परत बसत म्हणाली.

"आजी, तुमी नोकरी करता का माज्याकडं?"

"मेंढरं सांभाळायची तू. मंग करते."

तिघंही हसलो. मी मामाला सॉरी म्हणालो नाही, पण चहा मी सांगितला. मस्तगडात त्याचा अर्थ लोकांना कळतो.

बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी नकाशा पुरा झाला. साळूबाईनं पडद्याला नाक लावलं. तिला आधी काही उमगेना, नुसता तांबडा-करडा पट्टा. मग मामानं तळं दाखवलं. तळ्यापासून सगळ्या बाजूंना बारीक पांढऱ्या वाटा सुटल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात जाड वाट कुंपणाखालून, नांगरटीखालून सरळ गेली होती. नांगरल्या मातीतही तिचा रंग वेगळा दिसत होता.

"ही माज्या सासूच्या येळची," ती बोट न टेकवता म्हणाली. "हितं बाभूळ व्हती. हितं वळायचं." आणि खरंच, तिथं रेघ वळली होती.

साडेपाचला नकाशा छापून हातात आला. गुरुवारी अंबडला समोरच्या वकिलानं पुन्हा तेच म्हटलं, वाट कधी नव्हतीच. मी नकाशा टेबलावर अंथरला आणि, ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, मी आवाज चढवला नाही. साळूबाई बोलली, कुठं वळण, कुठं बाभूळ. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. गायरानाचा निकाल लागायला वेळ आहे, मोजणी व्हायचीय. पण मोजणी होईस्तोवर तळ्याची वाट मोकळी ठेवायची, असा लेखी हुकूम झाला. चार वाजता कुंपणाची तार सुटली.

शुक्रवारी मशीन आणायला गेलो. मामा चाल पुन्हा साडेतीनवर आणत बसला होता.

"कामून उतरवतो? चांगलं पळत होतं."

"आता कुठं जायाची घाई हाय तुमाला?"

त्यानं स्क्रू आवळले, पत्र्याच्या फुग्यावरून फडकं फिरवलं. मी कॅलेंडराकडं बघत होतो. सोमवारच्या चौकोनात आकडेच आकडे, मंगळवारी शहाऐंशी, त्यावर गोल, खाली एक्क्याऐंशी, बुधवारी ऐंशी. गुरुवारी मशीन बंदच होतं. पण त्या चौकोनातही त्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

"साळूबाईचा फोन. अठ्ठावन. सगळी पाणी पेली."